माझ्या खांद्यामागे

२ जून
आले एकदाची! दुपारभर ट्रंका वर चढवल्या. खाली राहणाऱ्या शिंपीकाकांनी गळ्यातली टेप न काढताच हात दिला आणि एवढं काय भरलंय, दगड का, म्हणून माझी चेष्टाही केली. जागा जुन्या स्टुडिओची. उत्तरेची अख्खी भिंत काचेची, त्यामुळे उजेड कसा, दुधासारखा. खोलीच्या मधोमध आधीच्या फोटोग्राफरची लाकडी खुर्ची आहे. हलवून बघितली, जागची ढळेना. राहू दे.
लग्नाचे फोटो काढून काढून माझं मन पार विटलंय. ‘जरा जवळ या, हसा’ म्हणायचं आणि बटण दाबायचं. स्वतःसाठी शेवटचा फोटो कधी काढला, आठवत नाही. धाकटीला फोन केला. ताई, आता तरी तुझ्या कॅमेऱ्याचा गंज उतरव, म्हणाली. नवरा बुडून गेल्यापासून ती पहिल्यांदाच थट्टेनं बोलली. दिवस चांगला गेला.

५ जून
काका पडद्यांची मापं घ्यायला आले होते. सहज म्हटलं, बसा, एक फोटो काढते. आढेवेढे घेत बसले.
काय चेहरा आलाय! लेन्सकडे नाही, माझ्या खांद्यावरून मागे बघतायत. मागून कुणीतरी लाडक्या नावानं हाक मारावी, तसे. फोटो बघितला आणि एकटीच खोलीभर नाचले. हे मला येत होतं. अजून येतं!

९ जून
पोस्टवाल्या बाई, निवृत्त मास्तर, कोपऱ्यावरचा बेकरीवाला. एकेक फोटो बघत राहावा असा. आणि सगळ्यांची नजर त्याच एका जागी.
आज काकांना विचारलंच. ते लाजले. हळू आवाजात म्हणाले, तुमच्या मागे ही उभी होती ना, मीच शिवलेला निळा कोट घालून. तुम्हीच बोलावलंत, असं मला वाटलं.
त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली.
मी मागे वळून बघितलं. भिंत होती. म्हातारपणी होतं असं, म्हणून हसण्यावारी नेलं. पण संध्याकाळी मास्तरांना त्यांच्या वारलेल्या लेकीबद्दल विचारलं, तर ते नुसतेच रडले.

१४ जून
गॅलरीवाल्यांनी फोटो पाहिले. प्रदर्शन भरवायचं म्हणतात, मोठं! आणखी थोडे हवेत.
काका आता रोज सकाळी येऊन बसतात. मी कॅमेरा घेऊन उभी राहीपर्यंत वाट बघतात. दुकान बंदच आहे. जेवलात का विचारलं, तर ऐकूच येत नाही त्यांना. गाल बसलेत. उद्यापासून येऊ नका, असं सांगायला हवं होतं.
आजचा फोटो सगळ्यांत सरस आलाय.

१७ जून
दार नुसतं लोटून बाजारात गेले होते. आले तर काका खुर्चीत. डोळे उघडे, नजर तिथेच. अंग गार.
डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.
डॉक्टरांना फोन करण्याआधी मी एक फोटो काढला. का काढला, माहीत नाही. नाही, माहीत आहे. उजेड सुंदर होता.

२० जून
धाकटी आली. नको येऊस म्हटलं होतं. पण काकांचं ऐकून तिला माझीच काळजी.
खुर्चीवर बसू नकोस, असं बजावून चहा टाकायला आत गेले. बाहेर येते तर ती बसलेली. आणि चेहरा – नवरा गेल्यापासून तिचा हा चेहरा मी पाहिला नव्हता.
ओढून उठवायला हवं होतं.
मी कॅमेरा उचलला.

२१ जून
उठत नाही. त्याचं बोलणं संपलं नाही, म्हणते. पाणीसुद्धा नको.
शेवटी कॅमेरा खाली ठेवला, बाजूला झाले. ती किंचाळली, गेला, गेला, म्हणत कोसळली. तशीच जिन्यावरून खाली आणली, टॅक्सीत घातली, तिच्या घरी सोडून आले. वाटभर माझ्याकडे बघितलं नाही तिनं.

२३ जून
तिच्या सासूबाईंचा फोन. काही खात नाही, भिंतीकडे तोंड करून बसते. परत ताईकडे न्या, एवढंच म्हणते.
आणू नका, म्हटलं. अजिबात नाही.

२४ जून
तिला काय दिसतं, ते कळल्याशिवाय सोडवायचं कसं? म्हणून आज मीच बसणार. कॅमेऱ्यामागे कुणी नाही, टायमर लावलाय. धोका नाही. शिवाय प्रदर्शनाला एक फोटो कमी पडतोय –
बसले. वही मांडीवर. रिकामी खोली. आई दिसेल वाटलं होतं. कुणीच नाही.
टायमर थांबलाय. बंद केला कुणी –
काका. गळ्यात टेप. लेन्स फिरवतायत. त्यांच्याशेजारी कुणीतरी –
धाकटी? ही कधी आली? दार तर आतून –
फोन वाजतोय. सासूबाईंचा असेल. उठायला हवं. पाय –
नको उचलूस, म्हणतेय. मान हलवतेय. ताई, इकडे बघ, म्हणतेय. किती गोड हस