कमिटीतली एक खुर्ची

मंगळवार, संध्याकाळ. मुलुंड

आज इतिहासाच्या तासाला प्राचीने विचारलं, "सर, ब्रिटिशांनी त्यांच्या संसदेत आपल्याला जागा दिल्या असत्या, तर आपण त्यांच्यातच राहिलो असतो का?" मी रुबाबात म्हणालो, "मोजक्या दिल्या असत्या तर आपण चिडलो असतो. डोकी मोजून दिल्या असत्या तर लंडनवर आपलंच राज्य आलं असतं. मग कशाला देतील?" वर्ग हसला.

घरी आलो तर दारात सावंतवहिनी, आमच्या सोसायटीच्या मागच्या इमारतीतल्या. हातात अर्ज. मागची इमारत वेगळी सोसायटी करणार.

"अहो, पण तुम्ही कमिटीत आहात ना?" मी म्हणालो. सोसायटीचा सेक्रेटरी मी, मीच त्यांना ती खुर्ची दिली होती. केवढा उदार वाटलो होतो स्वतःला!

"आहे ना. पण पाण्याची वेळ ठरते तुमच्या हॉलमध्ये, चहावर. मीटिंगला माझ्यापुढे येतं ते सहीचं रजिस्टर."

खोटं काय त्यात? त्यांना चहाला बोलावलं असतं, तर आमच्या पुढच्या इमारतीचं पाणी अर्धा तास कमी झालं असतं. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. म्हणून तर खुर्ची दिली, एकच.

आणि वर्गात मी किती सहज म्हणालो, आपण चिडलो असतो.