तिचं ऐकू यायचं, माझं नाही

अहो,

तुम्ही गेल्यावर तुमच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. होतात तेव्हा ऐकत नव्हतात, आता काय ऐकणार! पण काल कमलजीत आली आणि माझं डोकंच फिरलं. म्हणून लिहायला बसले. वाचायला तरी कान लागत नाहीत.

दारात उभी राहून काय म्हणाली माहितीये? "भाभीजी, भाईसाहब के हेडफोन दे दो." छत्तरपूरच्या कुठल्याशा फार्महाऊसवर लग्न झालं, नवरीचा झुमका लॉनमध्ये पडला. त्या लोकांनी तुम्हाला फोन लावला, तुमचा नंबर बंद, म्हणून तिला, तुमच्या शोधकामातल्या जोडीदारणीला लावला. मेटल डिटेक्टर आहेच तिच्या गॅरेजमध्ये, तुम्हीच ठेवला होतात. हेडफोन मात्र इथे, तुमच्या कपाटात. मी सरळ सांगून टाकलं, सापडत नाहीत. कपाट उघडलं की समोरच होते.

फौजेत असताना सुरुंग शोधायचात, तिथल्या धमाक्यांनी तुमचे कान गेले. रिटायर झाल्यावर लोक पार्कात फिरतात, पत्ते कुटतात. तुम्ही डिटेक्टर घेतलात! लोकांच्या हरवलेल्या अंगठ्या, किल्ल्या शोधायच्या, आणि मोबदला काय, तर एक कप चहा. त्याचा मला कधी राग नव्हता. राग होता तो तुमच्या कानांचा.

श्रवणयंत्रावर साधा हेडफोन चढवला की शिट्टी वाजते, म्हणून करोल बागेत दुकानामागून दुकान पालथं घातलंत. हा दाबतो, तो सैल बसतो, याचा आवाज फाटतो. शेवटी श्रवणयंत्रासकट अख्खा कान आत मावेल असा मोठ्या कपांचा जोड मिळाला, तेव्हा कसले खूश झालात! आणि सरोजिनी नगरला मी एक कुर्ता हातात घेतला की तुमचं लक्ष घड्याळाकडे.

बरं, घरी आलात की पहिलं काम काय? कानातली यंत्रं काढायची आणि डबीत ठेवायची. म्हणे कुकरची शिट्टी डोक्यात जाते, भांड्यांचा आवाज सहन होत नाही. अच्छा! म्हणजे मातीतल्या गंजक्या खिळ्यासाठी कान, आणि बायकोसाठी डबी?

मी हाका मारायचे. पहिली साधी, दुसरी चढी, तिसरी तर खालच्या मजल्यावरच्या शर्माजींनी ओ द्यावी अशी. तुमची मान पेपरातून वर व्हायची नाही. आणि ही कमलजीत, शेजारच्या ब्लॉकमधली, शाळेत पीटी शिकवून रिटायर झालेली, स्वतः एका कानाने कमी ऐकणारी. तिने जिन्यावरून नुसतं "भाईसाहब" म्हटलं की तुम्ही लगेच "हां जी!" दार बंद असलं तरी! मग मला काय वाटणार हो?

एक दिवस तर मी कधीच विसरणार नाही. गरम गरम थालीपीठं डब्यात घालून, ऑटो करून एवढ्या लांब, तुम्ही कुणाचं काहीतरी शोधायला गेला होतात त्या लॉनवर आले होते. बघते तर तुम्ही दोघं मधोमध डोक्याला डोकं लावून उभे! हेडफोनचा एक कप तुमच्या कानाला, दुसरा उलटा वळवून तिच्या. डोळे मिटलेले. चेहऱ्यावर असा आनंद की आपल्या लग्नाच्या फोटोतही नाही. आणि निघालं काय जमिनीतून? कोल्ड्रिंकच्या बाटलीचं झाकण! त्यावर दोघं पोट धरधरून हसलात. मी थालीपीठं तिथल्या माळ्याला दिली आणि त्याच ऑटोने परत आले. तुम्हाला पत्ताही नव्हता.

तर काल. हेडफोन नाहीत म्हटल्यावरही बाई हलेना. सोफ्यावर बसली, स्वतःहून चहा मागितला. मी चहा दिला आणि तोंडावरच सुनावलं, "आपकी आवाज़ उनको बड़ी अच्छी सुनाई देती थी!"

तर ती हसली. "भाभीजी, मेरी आवाज़ मर्दों जैसी है, मोटी. उनको मोटी ही सुनती थी."

मग तिने सगळं सांगितलं. तुमचे कान बारीक, चढ्या आवाजांना गेले होते. डिटेक्टरवर चांदी बारीक टिणटिणते, तेही तुम्हाला ऐकू यायचं नाही. म्हणून तुम्ही मशीनच्या सेटिंगमध्ये जाऊन सगळेच आवाज खाली आणले होतेत. श्रवणयंत्रातूनही बारीक आवाज नुसता किरकिर करायचा. "आप जितना ज़ोर से बुलाती थीं, आवाज़ उतनी पतली होती थी. उनको उतना ही कम सुनता था."

मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलं?

"मैंने तो कितनी बार बोला, भाभीजी से कहो, नीचे सुर में बोलें. कहते थे, नहीं, उसको अपनी आवाज़ का बड़ा मान है, मंडल में गाती है. मैं नहीं कहूँगा."

अहो! मंडळाच्या गणपतीत मी वरचा सा लावला की तुम्ही पहिल्या रांगेत मान डोलवायचात. घरी येताना म्हणायचात, "आज काय लागला होता आवाज!" म्हणजे इतकी वर्षं तुम्हाला नुसते माझे ओठ हलताना दिसत होते? खोटारडे कुठले!

रडले मी, तिच्यासमोर. तिने पाठीवर हात ठेवला तर आणखीच जळफळाट झाला. माझ्याबद्दलची एवढी मोठी गोष्ट, आणि ती तिला माहीत! मशीनचा आवाज खाली आणताना तुम्हाला संकोच वाटला नाही, माझाच वाटला? एकदा म्हणायचं होतं, "सुधा, जरा खालून बोल." रुसले असते, चार दिवस फुगून बसले असते. मग जन्मभर खालून बोलले असते. त्या मानाचं काय लोणचं घालायचंय मला?

आता ऐका. हेडफोन सापडले म्हणून तिला सांगितलंय. रविवारी झुमका शोधायला मीही जाणार आहे. मशीन तिने फिरवावं, खणायचंही तिनेच. हेडफोन माझ्या कानाला राहणार. तुमचा कान जिथे टेकायचा तिथे तिचा कान? बिल्कुल नाही! आवाज आला की मी हात वर करीन. तसंही तिच्यापेक्षा मला चांगलं ऐकू येतं.

आणि एक शब्द देते तुम्हाला. आज सकाळी तुमच्या फोटोपुढे खर्जात "अहो" म्हणून पाहिलं. घोगरं लागलं, माझं मलाच हसू आलं. पण रोज रियाज करणार आहे. तिकडे येईन तेव्हा लांबूनच हाक मारीन, अगदी खालच्या पट्टीत. पहिल्या हाकेला वळून बघायचं. माझ्या, तिच्या नाही.

तुमचीच, अजून रागावलेली,
सुधा