उतार पुष्कळ आहे

तीर्थस्वरूप ताईस,

लांबूनच वाकून नमस्कार.

माझ्या मागच्या पत्रातील ‘उतार पुष्कळ आहे’ हे वाक्य वाचून तुझ्या जिवात जीव आला आणि तू इकडे येण्याचे तिकीट रद्द केलेस, असे कळले. येथे दुरुस्ती आवश्यक आहे. ‘उतार आहे ना?’ हे तू माझ्या डाव्या हाताच्या बधिरपणाबद्दल विचारले होतेस. मी उत्तर दिले ते डोंगरामागच्या कच्च्या रस्त्याबद्दल, कारण त्या दिवशी डोक्यात सायकलच होती.

सायकल आता तयार आहे. त्या रस्त्यासाठी रुंद टायर बसवले, हँडल उंच केले आणि दोन्ही ब्रेक उजव्या मुठीत घेतले. मेकॅनिक म्हणाला, “काका, डाव्या हाताला सुट्टी दिली की काय?”

“अर्ज न देताच गेलाय तो,” मी म्हटले.

तो हसला, आणि मग उजव्या मुठीतली ब्रेकची तार त्याने पुन्हा एकदा तपासली.

सपाटीवर अडचण नाही. खडीवर मात्र डावी मूठ सुटली, हे मला पाहिल्याशिवाय कळत नाही. पुढील आठवड्यात डॉक्टर नसांची तपासणी करणार आहेत. काळजीचे कारण नाही, असे त्यांचे मत आहे. तोवर मी डोंगराकडे जाणार नाही.

भावजींची कंबर कशी आहे? नातीची परीक्षा आटोपली असल्यास तिकीट पुन्हा काढावेस. तपासणीच्या वेळी घरचे कोणी सोबत असावे, असे रुग्णालयाचे म्हणणे आहे. माझेही तेच म्हणणे आहे.

तुझा,
धाकटा भाऊ