एरंडेल मी बरोबर नेलंय

ताई,

श्रुतिकाचं गोड औषध तू मोरीत ओतलंस, म्हणून पहिल्या एसटीनं दुसरी बाटली आणायला महाडला जातोय. एरंडेल मी पिशवीत घालून नेलंय, शोधू नकोस. साबणाची कांडीही लावायची नाही. त्यानं पोट लगेच मोकळं होतं हे खरं, पण पोरगी भिते आणि पुढच्या वेळी शी आणखी धरून ठेवते. डॉक्टरांचं औषध सावकाश लागू पडतं, पण ती रडत नाही.

मी परत येईपर्यंत, जेवली की तिला संडासात बसव आणि दाराबाहेर बसून बोलत राहा. बापानं तिथं बसणं शोभत नाही म्हणतेस. शेजारी हसतात, हसू देत. तिची आई शालन होती तोवर तीच बसायची. आता मी बसणार.

सुनील