मायच्या रांजणातल्या बाया

४ मार्च २०२५, शिरूर कासार

मायचा दहावा झाला. रडू आलं नाही. सरूकाकू म्हणाली, "रड गं बाई, मोकळी हो." मी तिला चहा घेणार का विचारलं.

दुपारी काकूनं घर धुवायला काढलं. अंगणातला रांजण उपसला, राखेनं खसाखसा घासला, वरून चुना लावला. त्याच्या तळच्या गाळात माझे रोटिफर होते — सुईच्या टोकावर मावणारे प्राणी, डोक्यावर दोन चक्रं. दुसरीकडे कुठंच न सापडलेली जात. माझी अख्खी पीएचडी! मी दारात उभी राहून बघत होते. "काकू, थांब" — एवढंच म्हणायचं होतं. तोंडच उघडलं नाही.

५ मार्च

जेवले. झोपले.

७ मार्च, परळी

खोलीवर आले. मायच्या दोन वस्तू आणल्या. तिचा मोबाईल, आणि रांजणाचं पाणी गाळायचं फडकं, तिच्या जुन्या लुगड्याचं. त्यालाच हात-तोंड पुसायची. मिश्रीचा वास आहे अजून, तिचा. मोबाईल टेबलावर चार्जिंगला लावून ठेवला. कशाला, कुणास ठाऊक.

९ मार्च

गाईडसरांना रांजणाचं सांगितलं. हळहळले. मग म्हणाले, "चैताली, रोटिफर मेला की गोळा होऊन बसतो, जात ओळखू येत नाही. जिवंत नमुना पाहिजे." मी "बरं सर" म्हणाले. म्हणजे चार वर्षं पाण्यात! काहीच वाटलं नाही. काचपट्ट्यांवरची परळीच्या वीजकेंद्राची राख पुसत बसले.

१२ मार्च

मायला पहिल्यांदा सांगितलं होतं ते आठवलं. यांच्यात नरच नाहीत, माय! कोट्यवधी वर्षं नुसती मादीला मादी. खो खो हसली — "मंग आपल्या दोघींसारखंच की! पर गावात बोलू नको बाई, माझ्या रांजणाचं पाणी कुनी पिनार न्हाई." तेव्हापासून रोज फोनवर पहिला प्रश्न — "माझ्या बाया कशा हायत?"

१५ मार्च

किती बावळट मी! हे प्राणी वाळले तरी मरत नाहीत. निपचित पडून राहतात, पाणी लागलं की उठतात. म्हणजे फडक्यात असतील!

पण भिजवलं की वास गेला.

१६ मार्च

नुसता कोपरा कापून भिजवला. काही नाही. लुगड्याचे धागे तेवढे दिसले.

१८ मार्च

पाणी मधूनच गाळलं जायचं. वासही मधेच आहे. दोनदा परात काढली, दोनदा ठेवून दिली. काकूचा फोन — "जेवलीस का?" हो म्हणाले. जेवले नव्हते.

२० मार्च

सगळं भिजवलं. वास गेला.

संध्याकाळी खोलीवरच्या सूक्ष्मदर्शकाखाली एक गोळा ताणला गेला, लांब झाला — आणि चक्रं फिरायला लागली! जिवंत! मी सवयीनं मायला फोन लावला.

तो मागं टेबलावर वाजला.

वाजू दिला. आणि मग जी रडले — अजून थांबत नाही.