पायविहिरीवर माझं नाव लिहून घेतलं

दारव्ह्याजवळचा तांडा
फेब्रुवारी १९६३

तीर्थरूप रामधनभियास,

धाकट्या देवसिंगचं पायावर डोकं. याडी, बापू आन दोन्ही बैल खुशाल आहेत. तुमाले पोलिस लाइनीतलं पाणी मानवलं असंल. मी खुशाल नाही. भाकर घशाखाली जात नाही, आन पाणी तं पाहवतच नाही.

झालं असं का, मॅट्रिकनंतर पोरायनं काय व्हावं हे सांगाले यवतमाळहून आरोग्य खात्याचे रामराव साहेब शाळेत आले. आमाले वाटलं भाषण देतील आन जातील. त्यायनं तं समद्या वर्गाले शाळेमागच्या पायविहिरीवर नेलं. (आपल्या तांड्यातल्या बायकाही तिथूनच पाणी नेतात, तुमाले ठाऊक आहे.) हेडमास्तर भगवानरावायनं हे पाणी म्हंजे अमृत असं सांगत पायऱ्या उतरून ओंजळभर पिऊन दाखवलं. मास्तर पिते तं आपण काहून मागं राहावं, म्हणून मीही प्यालो.

साहेबानं तेच पाणी फडक्यातून गाळलं, फडकं काचेच्या बशीत झटकलं आन वर भिंग धरलं. भिया, आत बारके जीव टुणटुण उड्या मारून राह्यलते! साहेब शांतपणानं म्हणाले, "यायच्या पोटात नारूचं पिल्लू राह्यते. ते आपल्या पोटात जाते, आन वर्साभरानं हातभर दोरा होऊन पायातून निघते. तसा पाय विहिरीत बुडवला का त्यातून पुन्हा पिल्लं पाण्यात पडतात."

भगवानराव पायरीवर मटकन बसले. "आन साहेब, आत्ता प्यालेलं?"

"आता वाट पाहाची."

मंग साहेब सांगू लागले का विहिरी तपासणारे, हिवतापाचे डास हुडकणारे, नाल्या पाहणारे, अशी माणसं सरकारले पाहिजेत. त्याचं शिक्षणही मिळते. "कोण कोण येते?" मले मराले किती दिवस राह्यले हे विचारासाठी मी हात वर केला. साहेब म्हणाले, "शाब्बास!" आन नाव लिहून घेतलं. पोरायनं टाळ्या पिटल्या.

भिया, मी लांडग्यामागं काठी घेऊन धावणारा. पण आता पायाले मुंगी चावली तरी कंदील धरून दोरा पाहतो. बापू म्हणते, पोलिसात जाय. मलेही तेच बरं वाटते. चोर निदान बाहेरून तं येते. म्हणून तुमी एक डाव येऊन हेडमास्तरायकडून माझं नाव कटवा.

तुमचा घाबरलेला भाऊ,
देवसिंग

ता. क. पत्र टपालात टाकाले निघालो, तं शेजारची रुपीबाई काकी लंगडत विहिरीकडं चाललती. पायाले फोड, त्यातून पांढरा दोरा लोंबून राह्यलता. आग होते म्हणून तिले पाण्यात पाय ठेवाचा होता. मी पायरीवर आडवा झालो. ती ओरडली, "सोड रे मले, जीव चालला!" तरी तिले ओट्यावर बसवलं, पाय बादलीत बुडवला, मंग ते पाणी लांब कोरड्या मातीत ओतलं. तिची घागरही मीच भरली, गाळून. काकी रडत रडत म्हणे, "उद्या येशील ना, बाप्पा?" मी हो म्हणून बसलो.

आणखी ता. क. हेडमास्तरायले काही सांगू नका. बापूले सांगा का देवसिंग पोलिसात येत नाही. त्यायले सांगाची माझी हिंमत होत नाही.