बेरिलचा डावा हात

टॅमवर्थ,
गुरुवार, १४ नोव्हेंबर, दुपार

प्रिय कॉलिन,

शाळेमागच्या कुंपणाची वरची तार तुला आठवते का? तू या टोकाला ती काठीनं छेडायचास आणि मी पार नाल्यापाशी, शेवटच्या खांबाला कान लावून उभा असायचो. आवाज घुमत घुमत यायचा, पलीकडच्या कुरणात कुणी घशातल्या घशात गात असल्यासारखा. मिस ट्रँटर खिडकीतून म्हणायच्या, "हॅड्रिक, खांबाला कविता पाठ आहे का बघतोयस? तुला तरी आहे का, ये बघू." मग मी घडाघडा म्हणून दाखवायचो. तुझी पाळी आली की तू तिसऱ्या ओळीला हमखास अडकायचास, आणि मी मागच्या बाकावरून पुढचा शब्द सोडायचो. आपली जोडी तिथंच जमली. शब्द माझे, चाल तुझी.

बघ, बसलो एक गोष्ट लिहायला आणि जाऊन पोचलो शाळेत. हल्ली असंच होतं.

तू बरा असशील. तुझी पोर लॉर्नाही बरी असेल. मी तिला शेवटची पाहिली तेव्हा तिचे पुढचे दात पडलेले होते. इकडे उन्हाळा लवकर लागला आहे, नदी घोट्याएवढी उरली आहे, आणि पांढऱ्या काकाकुव्यांनी माझे सगळे जर्दाळू कोवळेच कुरतडून टाकले. गुडघे कुरकुरतात. मंगळवारी नि गुरुवारी मी संगीत संग्रहालयात पाहुण्यांना माहिती सांगतो. जुन्या गिटारी, चमचम करणारे सदरे, कुणाकुणाच्या टोप्या. काम सोपं आहे. चार खऱ्या गोष्टी, दोन थापा, आणि शेवटी एखादी कविता. लोक खूश असतात.

एक्केचाळीस वर्षांनी तुला लिहितोय आणि जर्दाळूंचं लिहितोय. आता मुद्द्यावर येतो.

समितीचा कागद तुला मिळाला असेल. जानेवारीच्या उत्सवाआधी हातांच्या बागेतले तडकलेले सिमेंटचे फलक फोडायचे आणि जे गाणारे अजून जिवंत आहेत त्यांच्या पंजांचे नवे ठसे घ्यायचे, असं ठरलं आहे. आपला फलक पहिल्या रांगेतला, चीर गेलेला. 'फोडण्यास हरकत नाही' या ओळीखाली माझी सही तू पाहिली असशील. समितीचं नि आमच्या संग्रहालयाचं काम बघणाऱ्या डोरीननं कागद पुढे केला तेव्हा मी पूर्ण नाव लिहिलं आणि खाली रेघ ओढली. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

कॉलिन, तू सही केली नसशील तर करू नकोस. पाठवून दिली असशील तर डोरीनला फोन करून नाही म्हण. सोमवारी सकाळी कामगार येणार आहेत. मी माझी सही परत मागायला गेलो होतो. ती म्हणाली, "व्हर्न, बैठकीत मंजूर झालंय ते. आता कॉलिन प्रुएट नाही म्हणाला तरच थांबेल. आणि परवापर्यंत तूच म्हणत होतास ना, पहिला घाव मी घालतो म्हणून?"

म्हणत होतो.

तुला पटणार नाही, पण तो फलक मी कधी पाहिलाच नव्हता. देशभरातून माणसं येतात, त्या ठशांत आपले पंजे ठेवून फोटो काढतात, आणि मी याच गावात राहून टपालकचेरीला दोन गल्ल्यांचा वळसा घालून जायचो. लोकांकडून ऐकून होतो की दोन नावं आहेत आणि दोन पंजे आहेत. मी धरून चाललो की दोन्ही तुझेच. ठसे घेतले त्या दिवशी मी पोचलो नाही म्हणून तू माझ्या नावावरही आपलाच पंजा ठोकलास. हे मी न्हाव्यापासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं आहे.

परवा मंगळवारी बागेत माहिती सांगणारा माणूस तापानं पडला. डोरीन म्हणाली, "आज तू जा. मोठ्या सोनेरी गिटारीखाली त्यांचे फोटो होऊ देत, मग बागेत ने. आणि कविता एकच म्हण, बस सुटते." व्हिक्टोरियातली पेन्शनर मंडळी होती. मी त्यांना पहिल्या रांगेवरून झपाझप पुढे नेत होतो, पण ओटवे नावाच्या एक ऐंशीच्या बाई आपल्या फलकाशी वाकून उभ्या राहिल्या.

"अहो, हे दोन हात एका माणसाचे नाहीत."

"एकाच हलकटाचे आहेत, बाई," मी म्हणालो.

"मी तीस वर्षं कारखान्यात हातमोजे शिवलेत. उजवा पुरुषाचा, दहा नंबर. डावा बाईमाणसाचा, साडेसहा, फार तर सात. आणि तिचं करंगळीशेजारचं बोट अर्धंच आहे."

मागून एक म्हातारा म्हणाला, "माहिती सांगणाऱ्यालाच माहिती नाही. ह्याचा चहा कापा." सगळे हसले. बाई मात्र माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचत होत्या. "हॅड्रिक. इथं त्या हाताखाली पण हॅड्रिकच लिहिलंय. तुमच्या घरातलं कुणी होतं का?"

मी खाली पाहिलं.

वैरण कापायच्या यंत्रात गेलेलं बेरिलचं ते बोट तुला सांगायला नको. आमच्या लग्नात मी अंगठी घातली आणि ती त्या थोट्या बोटावरून निसटून गडगडत गेली. तूच ती बाकाखालून रांगत शोधून आणलीस आणि म्हणालास, "दुसऱ्या हातात घाल रे, देवाला डावंउजवं कळत नाही." जन्मभर तिनं ती उजव्या हातातच घातली.

मी गुडघ्यांवर बसलो. कसा बसलो आठवत नाही. माझा पंजा त्या ठशावर ठेवला. तो तिचा हात झाकून चहूकडून बाहेर आला. बोटांच्या टोकांना आत तिची बोटं लागत होती, थंड, आणि एका ठिकाणी काहीच नव्हतं, नुसतं सपाट सिमेंट. लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे फोटो काढले. ओटवेबाई तेवढ्या वाजवत नव्हत्या. त्यांनी माझ्या काखेत हात घालून मला उठवलं आणि बसमध्ये नेऊन स्वतःच्या जागेवर बसवलं. कविता मी म्हटली नाही.

तेव्हापासून अन्न उतरत नाही. सहा वर्षं झाली तिला पुरून, आणि तिचा हात मी तीन आठवड्यांपूर्वी सही करून फोडायला दिला.

काल तुझा नंबर लावला. एका बाईचा आवाज आला, दोनदा हॅलो म्हणाली. मी फोन ठेवून दिला. पत्रात बोलता येतं, तिथं कुणी मध्येच 'हॅलो' म्हणत नाही. आता जरा पडतो, उरलेलं सकाळी लिहून जलद टपालानं धाडतो.

शुक्रवार, सकाळ

उरलेलं म्हणजे जे काल लिहायचं टाळलं ते.

त्या दिवशी सिमेंट अकराला ओतणार होते. मी सगळीकडे सांगितलं की तू मला तीनची वेळ दिलीस, मुद्दाम. कॉलिन, तू अकराच सांगितले होतेस. आदल्या संध्याकाळी आमच्या फाटकाशी सांगितलंस आणि म्हणालास, "उशीर करू नको, सिमेंट कुणासाठी थांबत नाही." मी "येतो" म्हणालो.

अकरा वाजता मी गिटारीच्या आकाराचा पोहण्याचा तलाव असलेल्या त्या मोटेलात होतो. सिडनीहून रेकॉर्ड कंपनीचा एक माणूस आला होता. आम्ही तलावाच्या निमुळत्या टोकाशी बसलो होतो, पोरं उड्या मारत होती आणि माझे बूट भिजत होते. तो म्हणाला, "चाली लावणारे आमच्याकडे रांगेत उभे आहेत. आम्हाला तुम्ही हवेत. एकटे." मी सही केली. तेव्हाही पूर्ण नाव लिहिलं होतं. तुला कसं सांगायचं या विचारातच दोन वाजले. मग वाटलं, सांगायची गरजच पडणार नाही असं काहीतरी करावं, आणि ती तीनच्या वेळेची थाप सुचली. सिडनीचा फोन कधी आलाच नाही. पण तोवर मी तुला गावभर खोटा पाडून बसलो होतो.

घरी आलो तर बेरिल मोरीवर व्हिनेगरनं हात घासत होती. नखांत सिमेंट. मी विचारलं, "हे काय?" म्हणाली, "कोंबड्यांच्या खुराड्याला पायरी केली." मी तुला शिव्या घालायला सुरुवात केली. तिनं ऐकून घेतलं. माझ्या ओल्या बुटांकडे पाहिलं. मग म्हणाली, "बूट बाहेर काढ," आणि चहा ठेवला.

एक्केचाळीस वर्षं मी त्या खुराड्यातून अंडी काढतोय. काल मुद्दाम जाऊन पाहिलं. खुराड्याला पायरी नाही. कधीच नव्हती.

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. माझी जागा मोकळी राहू नये म्हणून तिनं आपला अधू हात त्यात घातला, परगावच्या कामगारांसमोर, जो ती चर्चमध्येसुद्धा खिशात ठेवायची. आणि मी थापा मारतोय हे कळल्यावर त्याबद्दल एक शब्द काढला नाही. माझ्याशेजारी निजली, माझी जत्रेतली बक्षिसं पुसून ठेवली. का बोलली नाही? मी खरं बोलण्याची वाट बघत होती का? हे तुलाच विचारू शकतो, कारण तू तिच्याशेजारी गुडघे टेकून बसला होतास. ती काय म्हणाली तेव्हा?

आणि तू. तुझ्या एका वाक्यानं मी गावात तोंड दाखवायच्या लायकीचा राहिलो नसतो. ते वाक्य न बोलता तू घर विकून पार क्विन्सलंडमधल्या रोमा गावाला गेलास. तिच्या दफनाला आलास, पार कुंपणाशी, टोपी छातीशी धरून. मी मोठ्यानं विचारलं, "ह्याला कुणी बोलावलं?" तू टोपी घातलीस आणि निघून गेलास. मला वाटलं, लाजला.

पेन खाली ठेवलं होतं, आता पुन्हा उचललं आहे.

आत्ता फाटकाशी क्विन्सलंडच्या पाटीची गाडी थांबली आणि एक उंच, पिकल्या वेणीची बाई दाराशी आली.

"व्हर्न हॅड्रिक तुम्हीच ना? मी लॉर्ना. प्रुएट."

तिचे दात सगळे आले आहेत, कॉलिन. मी मूर्खासारखा तेच बघत राहिलो. मग आत ये म्हणालो.

"आत नाही येत. बाबा गाडीत बसलेत, उतरत नाहीत. तुमची सही पाहिल्यापासून जेवले नाहीत धड. साडेसहाशे किलोमीटर आणलंय त्यांनी मला, एवढंच विचारायला, की बेरिलच्या हातावर घण घालायला तुमचा हात कसा धजला. तोंडावर विचारायचंय म्हणतात. काय सांगू?"

"त्यांनी सही केली?"

"त्यांनी?" ती म्हणाली. "काका, कागद त्यांच्या मांडीवर आहे. कोरा. उत्तर द्या."

"लिहितोय," मी म्हणालो. "दोन ओळी राहिल्यात."

तिनं टेबलावरची ही पानं पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि दारातच पायरीवर बसली. ती बसली आहे आणि मी लिहितो आहे. खिडकीतून तुझं नुसतं डोकं दिसतंय. पांढरं झालंय. तू इकडे बघत नाहीस.

हे टपालात जाणार नाही. आता बाहेर येऊन तुझ्या काचेतून आत देतो. डोरीन नऊला कचेरी उघडते, आधी तिला जाऊन नाही म्हण. त्यानंतर माझं काय करायचं ते तू ठरव. तुझं वाचून होईपर्यंत मी फाटकाशी उभा आहे. तिथून जायला सांगितलंस तर जाईन.

अकराला येतो म्हणून न आलेला,
व्हर्न